पेकिंग ते पॅरिस : नवख्यांची रॅली

१९०७ साली, स्पर्धा सुरू होण्याआधीच्या दिवसांत, प्रिन्स शिपिओने बोर्गेझे नावाचा एक इटालियन सरदार पेकिंगच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून घोड्यावर फिरत होता. त्याच्याबरोबर बांबूची एक काठी होती, नेमकी त्याच्या मोटारीच्या रुंदीएवढी कापलेली. वाट अरुंद झाली की काठी आडवी धरून बघायची. दोन्ही कडांना न अडकता बसली तर इथून मोटार जाणार. अडकली तर पहारी आणि मजूर लागणार. बाकीचे स्पर्धक पेकिंगमध्ये वाट पाहत असताना हा माणूस काठीने डोंगर मोजत होता.

ही स्पर्धा काढली होती पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकाने. मोटार ही श्रीमंतांची हौस नाही, ती माणसाला कुठेही नेऊ शकते, हे सिद्ध करायला पेकिंगहून पॅरिसला मोटारीने कोण येतो, असं आव्हान त्यांनी जानेवारीत छापलं. १० जून १९०७ ला फ्रेंच वकिलातीतून प्रत्यक्षात फक्त पाच गाड्या सुटल्या. बोर्गेझेची इटाला, दोन द दियाँ-बुताँ, एक डच स्पायकर आणि ओग्युस्त पोंस याची काँताल ही तीनचाकी. काँताल गोबीच्या वाळवंटातच अडकली, तिच्या माणसांना मरणाच्या दारातून परत आणावं लागलं. वाटेत पेट्रोलचे साठे आधीच उंटांवरून पाठवून ठेवले होते. रस्ता म्हणजे तारेचे खांब. खांब दिसत राहिले की आपण बरोबर आहोत एवढीच खूण. इटालात मागे बसलेला पत्रकार लुइजी बार्झिनी गोबीतल्या एका तार-ऑफिसात बातमी पाठवायला गेला, तेव्हा त्याच्या तारेवर क्रमांक १ पडला. आजची पहिली असेल, असं त्याला वाटलं. ते ऑफिस उघडून सहा वर्षं झाली होती आणि तिथून गेलेली ती पहिलीच तार होती.

इटाला १० ऑगस्टला पॅरिसला पोचली. वाटेत सायबेरियात एक लाकडी पूल तिच्याखाली मोडला आणि गाडी मागच्या अंगाने खाली गेली. काही अंतर ती चक्क रेल्वेच्या रुळांवरून चालवावी लागली. लाकडी चाक खिळखिळं झालं, तेव्हा एका रशियन सुताराने कुऱ्हाडीने ते नव्याने बांधून दिलं. एवढं होऊनही बोर्गेझे मॉस्कोहून वाट वाकडी करून सेंट पीटर्सबर्गला मेजवानीला गेला, परत आला आणि तरीही तीन आठवड्यांच्या आघाडीने जिंकला. उरलेल्या तीन गाड्या ऑगस्टच्या अखेरीस पोचल्या.

त्या तीन गाड्यांतल्या स्पायकरचा चालक शार्ल गोदार मला फार महत्त्वाचा वाटतो. हा जत्रेत मोटारसायकलचे खेळ करणारा माणूस. खिशात पैसे नाहीत, गाडी उसनी. पेकिंगपर्यंत जाण्याचा खर्च भागवायला त्याने गाडीचे सुटे भागच विकले असं सांगतात. गोबीत त्याचं पेट्रोल संपलं. पुढे सायबेरियात इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो बिघडला, तो दुरुस्त करून घेण्यासाठी गाडी आगगाडीने तोम्स्कला न्यावी लागली. तिथून परत येऊन त्याने न थांबता, न झोपता गाडी हाकत पुढच्यांना गाठलं. शेवटी पैशांच्या लबाडीपायी त्याला अटकही झाली. बोर्गेझेकडे तयारी होती आणि गोदारकडे नुसती जिद्द. आजही परदेशातल्या लांब पल्ल्याच्या जुन्या मोटारींच्या रॅलीला जो नवखा माणूस नाव नोंदवतो, त्याला या दोघांच्या मधे कुठेतरी आपली जागा शोधावी लागते.

या खेळाचा मुंबईशीही एक जुना संबंध आहे. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधून ९८ गाड्या सिडनीला निघाल्या. लंडन-सिडनी मॅरेथॉन या नावाने ती ओळखली जाते. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि मग दिल्लीहून मुंबई. आठवडाभरात सुमारे अकरा हजार किलोमीटर. भारतात रस्त्याच्या दुतर्फा बघ्यांची अशी गर्दी होती की चालकांना गाडीपुरती जागाही मुश्किलीने मिळत होती. मुंबईत वेळेत पोचलेल्या सत्तरेक गाड्या ‘चुसान’ या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरात उतरवल्या आणि जवळच्या पर्थहून पुन्हा शर्यत सुरू झाली. शेवटच्या दिवशी लुसियाँ बियाँकीची आघाडीवरची सिट्रोएन समोरून आलेल्या एका मिनीवर आदळली आणि अँड्र्यू कावनची हिलमन हंटर पहिली आली. हंटर ही साध्या कुटुंबाची गाडी.  त्या ९८ मध्ये कारखान्यांचे पगारी चालक होते, तसेच लष्करातले जवान होते, हौशी मित्रमंडळी होती आणि एक १९३० सालची प्रचंड बेंटलीही होती. नवख्यांना अशा स्पर्धेत जागा असते, हे तिथेच ठसलं.

पुढच्या काळात या खेळाला आजचं रूप दिलं ते फिलिप यंग या इंग्रज माणसाने. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० साली सुरू केलेल्या हिमालयन रॅलीत हा यंग जुनी मॉरिस मायनर घेऊन उतरला होता. शेजारी वाट सांगणारे नॅव्हिगेटर म्हणून रुपर्ट जोन्स, जे चर्चमधले पाद्री होते आणि कसलेले रॅलीवालेही. हिमालयाच्या घाटांत इतकी जुनी, इतकी छोटी गाडी टिकते, तर तिला पेकिंग-पॅरिसही जमेल, हा विश्वास यंगला अशा अनुभवांतून आला असणार. १९९७ साली त्याने पेकिंग-पॅरिस पुन्हा भरवली, तिबेट, नेपाळ, भारत, पाकिस्तान, इराण या मार्गाने. नव्वदहून जास्त गाड्या होत्या आणि पहिली आली ती १९४२ सालची विलीज जीप. विलीजच्याच जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतल्या. २००७ साली मूळ स्पर्धेच्या शताब्दीला मंगोलिया-रशियाचा रस्ता पुन्हा धरला गेला आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी ही रॅली होते. २०२४ मध्ये रशिया टाळून कझाकस्तान आणि कॅस्पियन समुद्र ओलांडून जावं लागलं. पाचेक आठवडे, चौदा-पंधरा हजार किलोमीटर आणि १९७६ पूर्वीच्या बनावटीच्याच गाड्या, असा साधारण बेत असतो.

यात भाग घेणारे बरेचसे लोक आयुष्यात पहिल्यांदाच रॅली करत असतात. निवृत्त व्यावसायिक, डॉक्टर, बाप-लेक, नवरा-बायको. १९९७ मध्ये जेनेव्हीव ओबर्ट आणि लिंडा डॉडवेल या दोन अमेरिकन महिलांनी हिलमन हंटर घेऊन भाग घेतला आणि ओबर्टने त्यावर पुस्तक लिहिलं. गाडीची निवड हुशारीची होती. इराणमध्ये हीच हंटर ‘पेकान’ या नावाने १९६७ पासून बनत होती आणि तेहरानच्या रस्त्यांवर तिचंच राज्य होतं. म्हणजे तिथे गाडी बिघडली तरी कोपऱ्याकोपऱ्यावरच्या मेस्त्रीला ती तोंडपाठ आणि सुटे भागही हाताशी. नवख्या माणसाने हे डोक्यात पक्कं ठेवावं. देखणी गाडी निवडू नये, वाटेवरच्या मेस्त्रीला कळणारी निवडावी.

२००७ मध्ये डीना बेनेट आणि तिचा नवरा बर्नार यांनी १९४० ची लासाल नेली. बेनेटने नॅव्हिगेटरचं काम घेतलं. चालत्या गाडीत मान खाली घालून वाचायला लागलं की जिला मळमळायचं, ती बाई रोज सात-आठ तास मांडीवर रोडबुक, म्हणजे वाट दाखवणारी वही, घेऊन बसली. तिचंही पुस्तक प्रसिद्ध आहे. या दोन्ही पुस्तकांचं मोल असं की ती विजेत्यांची नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्याला नेमकं काय नडतं, ते त्यांतून कळतं.

आधी गाडीकडे येऊ. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी त्या काळच्या रस्त्यांसाठी, त्या काळच्या पेट्रोलसाठी आणि त्या काळच्या वेगांसाठी बनलेली असते. मंगोलियाच्या आतल्या भागात कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. दाबगुणोत्तर जास्त असलेल्या इंजिनाला ते चालत नाही. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं. त्यावर उपाय जुनाच आहे. हेडखाली जाड गॅस्केट टाकून दाब कमी करायचा आणि टायमिंग थोडं मागे घ्यायचं. ताकद थोडी जाते, पण पिस्टन वाचतो. तिबेटमध्ये पाच हजार मीटरच्या वर गेलं की हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठेक टक्क्यांवर येते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो तेवढंच पेट्रोल सोडत राहतो, धूर काळा होतो, प्लग काळे पडतात, चढावर गाडी धापा टाकते. मग जेट बदलायचे, आणि खाली उतरल्यावर पुन्हा पहिले लावायचे. हे विसरलं तर उतरल्यावर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं.

पेट्रोलच्या वाफेचा त्रास आपल्याकडच्या जुन्या फियाटवाल्यांना सांगायला नको. बोरघाटात मे महिन्यात गाडी चढताना फटफटून बंद पडायची, मग बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं. इंजिनाला चिकटलेला पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ खेचायला तो पंप बनलेलाच नसतो. रॅलीवाले हा पंप काढून टाकतात आणि टाकीजवळ, गार जागी, विजेवर चालणारा पंप बसवतात. पेट्रोल मागून ढकललं की वाफ अडवत नाही. बदल छोटा, खर्च थोडा, पण चीनच्या वाळवंटातल्या दुपारी याच्याइतका उपयोगी दुसरा बदल नाही.

नवख्यांची खरी घोडचूक तयारी कमी करण्याची नसते, उलटीच असते. काय लागेल सांगता येत नाही म्हणून सगळंच घेतात. जादा दोन चाकं, ४० लिटर पेट्रोलचे कॅन, २० लिटर पाणी, जॅक, पाने, बेल्ट, होस, बेअरिंग, डायनॅमो, वेल्डिंगच्या काड्या, तंबू, झोपण्याच्या पिशव्या. चाकं चाळीसेक किलो, पेट्रोल तीस किलो, पाणी वीस, लोखंड साठ, बाकी पन्नास. बघता बघता दोनशे किलो होतात, म्हणजे मागच्या सीटवर तीन प्रवासी. मंगोलियाचे कच्चे रस्ते आडव्या पन्हळ्यांनी भरलेले असतात. सुट्या वाळू-मातीवरून चाकं ठरावीक वेगाच्या वर पळली की जमिनीत आपोआप लाटा उठतात. हा चाकाचा आणि मातीचा स्वभावच आहे, कोणी मुद्दाम खणलेलं नसतं. त्या लाटांवरून दिवसभर, दोनशे किलो जास्तीचं ओझं घेऊन गाडी धडधडत जाते. मग स्प्रिंगचे पाटे मोडतात, शॉकॲब्सॉर्बरच्या पकडीच चॅसिसमधून उखडतात, तारांच्या चाकांचे आरे सुटतात. मोडतं ते बहुतेक त्याच सामानाच्या वजनाने, जे मोडलं तर लागेल म्हणून घेतलेलं असतं. रॅलीत गेलेल्या लोकांचे अनुभव वाचताना हे पुन्हा पुन्हा समोर येतं आणि मला याचं आश्चर्य वाटत नाही. घाबरलेला माणूस नेहमी ओझं वाढवतो. एक पंप, एक पट्टा, एक कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर, होस, तार, चिकटपट्टी आणि स्वतःच्या गाडीला बसणारे मोजके पाने पुरे होतात. बाकीचं काम आयोजकांच्या मेकॅनिकांची गाडी करते, जी रोज सगळ्यांच्या मागून येते.

आता घड्याळाकडे. बाहेरून बघणाऱ्याला रॅली म्हणजे धूळ उडवत पळणाऱ्या गाड्या वाटतात. पेकिंग-पॅरिससारख्या रॅलीत काही टप्पे खरंच वेगाचे असतात, बंद रस्त्यांवर. पण मोठा भाग घड्याळाचा असतो. रोज सकाळी प्रत्येक गाडीला एकेका मिनिटाने सोडतात. समजा तुमची वेळ ८ वाजून ३१ मिनिटं आणि पहिल्या टप्प्याला दिलेली वेळ १ तास ४५ मिनिटं. मग तुम्ही १०:१६ ला पुढच्या ठाण्यावर हजर व्हायचं, आधीही नाही आणि नंतरही नाही. ठाण्याच्या अलीकडे घड्याळाचं चित्र असलेला पिवळा फलक असतो, पुढे लाल. पिवळ्याच्या अलीकडे हवं तेवढं थांबता येतं. तो ओलांडला की तुम्ही आत आलात. १०:१४ ला आत शिरलात तर दोन मिनिटं लवकर, आणि त्याचाही दंड. नवखे इथेच पहिला मार खातात. पिवळा फलक दिसला की जीव भांड्यात पडतो आणि पाय ॲक्सिलरेटरवरून निघतच नाही. मग टाइम कार्डावर अधिकारी जे लिहितो, ते खोडता येत नाही.

याहून कठीण असतो तो ठरावीक सरासरी वेगाचा टप्पा, ज्याला रेग्युलॅरिटी म्हणतात. सरासरी ताशी ४८ किलोमीटर राखा, असं सांगितलेलं असतं. ऐकायला हा वेग काहीच नाही. पण वाटेत कुठेतरी झाडाआड, वळणानंतर, गुप्त ठाणं असतं आणि ते सेकंदात मोजतं. ताशी ४८ म्हणजे एका किलोमीटरला ७५ सेकंद. टप्पा ९:४२ ला सुरू झाला असेल तर १०.४० किलोमीटरवर तुम्ही बरोबर ९:५५:०० ला असायला हवं. ते ठाणं तिथे आहे की नाही, हे माहीत नसताना. मधे शेळ्यांचा कळप आला आणि वीस सेकंद गेले, तर ते पुढच्या दोन-तीन किलोमीटरांत हळूहळू भरून काढायचे. एकदम पळवून नव्हे. मग अचानक रोडबुक सांगतं, आता ताशी ४०. म्हणजे किलोमीटरला ९० सेकंद. नॅव्हिगेटरच्या मांडीवर अशा गणितांचे तक्ते असतात आणि तो दर काही सेकंदांनी चालकाला एवढंच सांगतो: तीन सेकंद मागे, एक पुढे, बरोबर, बरोबर.

हे सगळं ट्रिपमीटरवर अवलंबून असतं, आणि ट्रिपमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी बहुतेकांना पहिल्या आठवड्यात कळत नाही. मंगोलियात टायर झिजले आणि चाकाची त्रिज्या ३३० मिलिमीटरवरून ३२६ झाली, तर तेवढ्याच रस्त्याला चाकाच्या फेऱ्या एका टक्क्याहून जास्त वाढतात. ट्रिपमीटर १०.५३ दाखवतो आणि प्रत्यक्षात तुम्ही १०.४० वर असता. नॅव्हिगेटरला वाटतं आपण पुढे आहोत, तो चालकाला हळू चालव म्हणतो, आणि गाडी साडेनऊ सेकंद उशिरा ठाण्यावर पोचते. चूक कोणाचीच नसते. म्हणून अनुभवी जोड्या सकाळी आयोजकांनी मोजून दिलेल्या अंतरावर आपला मीटर रोज नव्याने जुळवून घेतात, आणि टायरमधली हवा रोज सारखीच ठेवतात. हवा कमी झाली तरी त्रिज्या कमी होते. सकाळच्या दहा मिनिटांचं हे काम पाच आठवड्यांत किती सेकंद वाचवतं, याचा अंदाज सहज करता येईल.

रस्ता दाखवण्याची पद्धतही शिकायला लागते. रोडबुकात नकाशा नसतो, लहान लहान रेखाचित्रं असतात. गोळा म्हणजे तुम्ही जिथून आलात ती बाजू, बाण म्हणजे जिकडे जायचं ती. शेजारी दोन अंतरं असतात, सुरुवातीपासूनचं आणि मागच्या चित्रापासूनचं. या चित्रांना ट्युलिप म्हणतात, कारण १९४९ मध्ये सुरू झालेल्या हॉलंडच्या ट्युलिप रॅलीने ती रूढ केली. शहरात ही चित्रं पटापट येतात, शंभर मीटरला एक. गोबीत उलट होतं, तीस किलोमीटरमध्ये एकच चित्र आणि समोर मातीवर पंधरा वाटा फाकलेल्या. तिथे रोडबुक जीपीएसचे बिंदू देतं. सगळ्या वाटा पुढे मिळतील असं वाटतं आणि बहुतेक मिळतातही, पण मधे ओढा असेल तर एकच वाट पार जाते. पुढच्या गाडीची धूळ बघून तिच्या मागोमाग जाणं हा नवख्यांचा आवडता मार्ग. पुढचाही नवखाच असतो, हे तेव्हा लक्षात येत नाही.

माझं मत असं आहे की या रॅलीत खरी स्पर्धा शेजारच्या सीटवरून खेळली जाते. चालकाच्या हाताला काम असतं, त्यामुळे त्याचं मन ताळ्यावर राहतं. नॅव्हिगेटर मान खाली घालून आकडे वाचतो, हादरे खातो, धूळ गिळतो, आणि चुकला तर दोष त्याच्याच माथी. नवरा-बायकोच्या जोड्यांचे सर्वांत मोठे वाद चुकलेल्या वळणावरून होतात. ज्या जोड्या शेवटपर्यंत टिकतात, त्यांनी एक साधा नियम घातलेला असतो: सांगणाऱ्याने एकदाच, ठराविक शब्दांत सांगायचं, ऐकणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, आणि गाडी चालू असताना चूक कोणाची हे काढायचं नाही. थांबल्यावर काय ते बोला. बेनेटच्या पुस्तकाचं नावच प्रवासाबरोबर आयुष्याचा आणि प्रेमाचा उल्लेख करतं, ते उगीच नाही. गाडीचा पाटा मोडला तर वेल्डिंगचा टाका बसतो. दोघांमधलं बोलणं तुटलं तर त्याला गॅरेज नाही.

धोकाही खरा आहे आणि तो लपवू नये. २०१३ च्या रॅलीत सायबेरियात झालेल्या टकरीत एका स्पर्धक महिलेचा मृत्यू झाला आणि समोरच्या मोटारीतलेही जीव गेले. जुन्या गाडीला एअरबॅग नसते, ब्रेक आजच्या मानाने कमजोर असतात, आणि रस्ता आपल्या हौसेसाठी मोकळा केलेला नसतो. त्यावर तिथली माणसं आपापल्या कामाला चाललेली असतात. अंधार पडल्यावर धूळ, दिवे नसलेले ट्रक आणि मोकाट जनावरं यांच्यामधून गाडी न्यावी लागू नये, यासाठी दुपारी एखादं ठाणं सोडून देण्याची मनाची तयारी हवी. ठाणं चुकलं तर पदक हुकतं, एवढंच. थकलेल्या माणसाला हा हिशेब कळत नाही, म्हणून तो आदल्या रात्री, शांत डोक्याने, ठरवून ठेवावा लागतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. गाडी परदेशात तात्पुरती नेऊन परत आणायची तर अनेक देश कार्ने मागतात, म्हणजे गाडी तिथे विकली जाणार नाही याची हमी देणारं पुस्तक. प्रत्येक सीमेवर त्याच्या पानाचा एक भाग फाटतो आणि शिक्का पडतो. निघतानाचा शिक्का राहिला तर घरी आल्यावर जामीन रक्कम अडकते. चीनमध्ये तात्पुरता परवाना आणि तात्पुरती नंबरप्लेट लागते. गाडी कंटेनरमधून कित्येक आठवडे आधी रवाना करावी लागते, म्हणजे शेवटच्या महिन्यात तिच्यावर काम करता येत नाही. तयारी संपवण्याची खरी तारीख गाडी बोटीवर चढते ती, रॅली सुरू होते ती नव्हे.

आणि पैसे. प्रवेशशुल्क, गाडी, तिची बांधणी, वाहतूक हे सगळं मिळून खर्च लाखांत मोजावा लागतो, आणि लाखांची संख्याही लहान नसते. हा खेळ सर्वांच्या आवाक्यातला नाही, हे सरळ सांगायला हवं. पण त्यातलं जे शिकण्यासारखं आहे ते मात्र आवाक्यातलं आहे. घड्याळ, अंतर आणि सरासरी वेग यांचाच खेळ म्हणजे आपल्याकडच्या टीएसडी रॅली. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने महिलांसाठी मुंबई ते ॲम्बी व्हॅली अशी रॅली याच पद्धतीने भरवलेली आहे. त्यात नेहमीची गाडी चालते, परवाना आणि पट्टे बांधण्याची शिस्त एवढंच लागतं, आणि गुप्त ठाणी, रोडबुक, दंड हे सगळं तसंच असतं. ज्यांच्या घरी वडिलांची जुनी फियाट किंवा ॲम्बॅसडर अजून चालती आहे आणि ज्यांच्या मनात कधीतरी लांबच्या वाटेची ओढ येते, त्यांनी आधी अशा एका दिवसाच्या रॅलीला जावं. गाडी दुसऱ्याला चालवायला द्यावी आणि स्वतः स्टॉपवॉच घेऊन शेजारी बसावं.